लाभलेलं यंत्र

गाझियाबादच्या कडेला उसाच्या शेतांत नवे टॉवर उभे राहत होते, तेव्हा आम्ही त्यांतल्या एकात राहायला गेलो. पाहता पाहता सोसायटीतली मुलं शाळेत जाऊ लागली आणि त्यांची यंत्रं माळ्यावर गेली. दूध कोमट करणारं भांडं, बाटल्या वाफेने निर्जंतुक करणारा डबा, विजेवर झुलणारा पाळणा. परदेशी दौऱ्यावरून परतणाऱ्या प्रत्येक बापाने काहीतरी आणलेलं होतं. आमच्याकडे बेबी मॉनिटर होता. दोन खोल्यांच्या घरात बाळाचं रडणं ऐकायला यंत्र कशाला, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

मी रसायनशास्त्राची. असली यंत्रं भंगारात गेली की तांब्यासाठी त्यांच्या तारा जाळल्या जातात आणि आतलं शिसं मातीत उतरतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून सोसायटीच्या कार्यकारिणीचा पिच्छा पुरवून मी ई-कचऱ्याचं रीतसर पुनर्चक्रीकरण करणाऱ्या एका कारखान्याची गाडी रविवारी सकाळी बेसमेंटमध्ये बोलावली आणि घरोघरी छापील पत्रक वाटलं. उठल्यापासून माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

माळ्यावरून मी सगळं उतरवलं. मॉनिटर मात्र जागेवर नव्हता. तो सासूबाईंच्या गाठोड्यात सापडला, माझ्या मुलीच्या झबल्यात गुंडाळलेला. दुपारी आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला नणंदेकडे जाणार होतो. तिचे दिवस भरत आले होते. नव्या बाळाला पहिल्यांदा दुसऱ्या धडधाकट बाळाचं जुनं झबलं घालायचं, ही आमच्याकडची रीत. सासूबाईंनी ती विजेच्या वस्तूंनाही लागू केली होती. झबलं, दुपटं आणि मॉनिटर, तिन्ही आमच्या मुलीला लाभलेली. तेव्हा तिन्ही जाणार.

मी शिशापासून सुरुवात करून बरंच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि लाभलेली वस्तू कचऱ्यात देत नसतात, एवढंच उत्तर दिलं. शिवाय ते त्यांच्या लेकाने आणलेलं होतं.

तेवढ्यात माझं लक्ष मॉनिटरच्या मागच्या बाजूला गेलं. झाकणाभोवती काळा दोरा घट्ट गुंडाळलेला होता.

"आई, हा दोरा कशाला?"

"झाकण बसत नव्हतं. म्हटलं, बांधलेलंही राहील आणि दृष्टही लागणार नाही."

झाकण का बसत नाही, हे मला क्षणात उमगलं. हातातलं यंत्र मी अलगद टेबलावर ठेवलं, दोरा सोडला आणि झाकण आपसूक वर आलं. आतली चपटी बॅटरी उशीसारखी फुगली होती. दोऱ्याने आवळलेली ही बॅटरी बाळाच्या उशाशी चार्जिंगला लागली असती. सासूबाईंनी बोट पुढे केलं तेव्हा मी ते वरच्या वर अडवलं.

"ही फुगली कशानं?"

"आत वायू साठलाय. दाबली, तापली तर पेट घेईल."

त्यांनी आधी झबलं उचललं, ते टेबलापासून दूर खुर्चीवर नेऊन ठेवलं आणि बराच वेळ त्याच्या घड्या सारख्या करत राहिल्या. मग म्हणाल्या, "झबलं अंगाला लागलेलं असतं, म्हणून लाभतं. हे मेलं नुसतं भिंतीला लागलेलं."

माझी सारी रसायनविद्या ज्या दारापाशी अडली होती, ते दार त्यांनी एका वाक्यात उघडलं. मला हसू आवरेना. त्यांनी स्वयंपाकघरातून जुना लोखंडी तवा आणला. मॉनिटर त्यावर ठेवून, तवा अंगापासून लांब धरत, आम्ही दोघी लिफ्टने खाली गेलो. गाडीवरच्या माणसाने मॉनिटर कोरड्या वाळूच्या पिंपात ठेवून दिला.

मला वाटलं, काम संपलं. सासूबाईंचं सुरू झालं होतं. मोकळा तवा हातात घेऊनच त्या मजल्यामागून मजला वर निघाल्या. लाभलेल्या वस्तूंचा मोह आमच्याच घरात होता असं नव्हतं. पंजाबी, बंगाली, तमीळ, सगळ्या माळ्यांवर तो जपून ठेवलेला होता. माझ्या छापील पत्रकाने जे हललं नव्हतं, ते त्यांच्या अर्ध्यामुर्ध्या हिंदीने हललं. "बहनजी, ढक्कन बंद होता है क्या? नहीं ना? चलो, नीचे." पाळणे, डबे, चार्जरांची जाळी, सगळं उतरू लागलं आणि मी बेसमेंटमध्ये वर्गवारी करता करता घामाघूम झाले. गाडीचं दार शेवटी दोघांनी रेटून लावलं.

दुपारी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये नणंदेने गाठोडं सोडलं. झबलं गालाला लावून तिने मॉनिटरचं विचारलं. ती कधीपासून त्याची वाट पाहत होती. मी उत्तर जुळवत होते, तोच सासूबाई म्हणाल्या, "तुझं पोर रडलं की अख्खी कॉलनी ऐकेल. यंत्र कशाला?"

नणंद खळखळून हसली. सासूबाईंची नजर मात्र तिच्या डोक्यावरून केव्हाच वर गेली होती.

"काय गं," त्यांनी विचारलं, "तुझ्या माळ्यावर काय काय आहे?"