तिसरी किल्ली

जळगावच्या आमच्या कॉलेजात एक सर तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवत. शिपायालाही सर म्हणत. अमेरिकेची राज्यघटना भित्र्यांनीच लिहिली, असं त्यांचं मत. "राजाला भ्याले, मग स्वतःलाही भ्याले, भाऊ. म्हणून सत्तेचे तीन तुकडे केले."

प्रश्नपत्रिकांच्या कपाटाला तीन कुलपं होती. किल्ल्या प्राचार्यांकडे, विभागप्रमुख म्हणून माझ्याकडे आणि या सरांकडे. संस्थाध्यक्षांचा पुतण्या परीक्षेला बसला, तेव्हा अध्यक्षांनी तिन्ही मागितल्या. प्राचार्यांनी आणि मी दिल्या. सरांनी मात्र मूठ उघडली नाही.

"सर, नोकरी जड झाली का?" अध्यक्षांनी हसत विचारलं.

"तुमची भीती वाटतेच, आबा. तिन्ही किल्ल्या एका हातात जायची जास्त वाटते."

नव्या वेळापत्रकात त्यांचं नाव नव्हतं. अमेरिकेची राज्यघटना आता मी शिकवतो, दार लावून.