सकाळच्या फेरीला गेलेले मास्तर

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या, पण कशेळ्याच्या बाजूची ती बेपत्ता माणसाची घटना अजून जशीच्या तशी आठवते. मी तेव्हा कर्जत तालुक्यात पोलीस निरीक्षक होतो.

हिवाळा सरत आला होता. सकाळची हजेरी आटोपली तोच साठीच्या एक बाई ठाण्यात आल्या. "आमचे हे फिरायला गेले, ते परत आलेच नाहीत."

हे म्हणजे निवृत्त मास्तर. डोंबिवली सोडून दोघं गावाबाहेर घर बांधून राहत होती. मास्तरांची रोजची फेरी ठरलेली. घरामागच्या बांधावरून शेतं ओलांडायची, गावातल्या आळीतून जायचं आणि कालव्याच्या रस्त्याने घरी परतायचं. मोबाईल घरीच होता. ठाणे अंमलदाराला मिसिंग नोंदवायला सांगून मी जीप काढली.

बांधाला लागून एका शेतकऱ्याचं वालाचं शेत होतं. तो शेतातच भेटला.

"बघितले ना साहेब. घराकडनं आले, मला राम राम केला न् गावाकडं गेले. रोजच्यासारकं."

आळीत एका म्हातारबाबांनी मास्तरांची काठी वाजल्याचं ऐकलं होतं. म्हणजे बांध झाला, आळी झाली. उरला कालवा, आणि त्याला पाणी सोडलेलं होतं.

गावातली माणसं दोर घेऊन उतरली. सगळ्यांत पुढे तोच शेतकरी. पुन्हा पुन्हा बुडी मारून तळ चाचपत होता. मास्तरांच्या बाई काठावर बसून होत्या. पाण्यातून काही वर आलं की त्या उठायच्या, पालापाचोळा दिसला की परत बसायच्या. श्वानपथक अलिबागहून निघालं होतं. ऊन उतरायला लागलं.

तेवढ्यात कशेळ्याच्या बाजाराहून एक भाजीवाली परतली. प्रवासी जीपमधून उतरून, रिकामी टोपली कमरेला लावून ती माझ्यापाशी आली.

"इथं कशाला शोधता साहेब? मास्तर तर सकाळी ह्या कालव्याच्या रस्त्यानं आळीत आले. मी बाजारला निघाले व्हते. म्हनलं, आज उलटे कुटं? तर म्हनले, डोळ्याचं आपरेशन झालंय, बांधावर ऊन समोरून येतं. इकडं झाडांची सावली हाय."

"मग पुढे कुठे गेले?"

"बांधाकडं. मी सोताच बघितलं."

मी पाण्याकडे पाहिलं नाही. हवालदाराला म्हटलं, "त्या शेतकऱ्याला वर बोलाव. चहा प्यायला म्हणून सांग."

ओल्या कपड्यांनी तो जीपमध्ये बसला. मी आवाज न चढवता सकाळचंच पुन्हा विचारलं. मास्तर कुठून आले? घराकडनं. तोंड कुठे होतं? गावाकडं. कपडे? चाल? हातात काय होतं? खरा साक्षीदार कुठेतरी 'आठवत नाही' म्हणतो. ह्याच्याकडे प्रत्येकाला उत्तर होतं.

"मग आळीतून बांधाकडे गेले ते मास्तर कोण?" मी विचारलं.

त्याने कप खाली ठेवला. "साहेब, माजी बारकी पोरं हायत..."

"मास्तर कुठे आहेत? आधी तेवढं सांग."

"रानडुकरांसाटी बांधाकडच्या तारेत करंट सोडला व्हता. सकाळी बंद करायचा रायला. त्यांचा पाय लागला न् ते पडले. हलतच नव्हते, साहेब. मी घाबरलो. खाली व्हाळात ठेवलंय, वर पेंढा टाकलाय."

आम्ही शेताखालच्या ओढ्याकडे धावलो. पेंढा बाजूला केला. मास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला होता. हवालदाराने छातीला कान लावला. तो बराच वेळ उठेना. मग ओरडला, "साहेब, श्वास चालू हाय!"

शेतकरी बांधावर मटकन बसला होता. तो कुणी न सांगता उठला आणि त्याने मास्तरांना खालून उचलून धरलं. रस्त्यापर्यंत आम्ही त्यांना तसंच आणलं. जीपमध्ये बाईंनी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. रुग्णालयापर्यंत त्या मास्तरांच्या नाकाशी बोटं धरून होत्या.

मास्तर वाचले. जबाब घ्यायला गेलो तर मी विचारण्याआधी त्यांनीच विचारलं, "तार काढली का? त्या वाटेनं पोरं शाळेत जातात."

तार आम्ही पंचनामा करून जप्त केली होती. गुन्हा दाखल झाला, पुढे शिक्षाही झाली.

ह्या केसने मला दोन गोष्टी शिकवल्या. पटेल असं खोटं बोलणारा माणूस नवीन काही रचत बसत नाही. आदल्या दिवशीचं खरं तो आजचं म्हणून सांगतो. तेव्हापासून बेपत्ता माणसाच्या घरच्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारायचो की आज वेगळं काय होतं.

दुसरी गोष्ट भीतीची. तो शेतकरी खुनी नव्हता. सकाळी त्याने एक हाक मारली असती तर अख्खी आळी धावत आली असती. पण आपणच पेंढ्याखाली ठेवलेल्या माणसाला तो दिवसभर कालव्यात शोधत राहिला. त्याच्या निम्म्या कष्टात मास्तर सकाळीच दवाखान्यात पोचले असते.