आक्कांनी पुरी केलेली मालिका

वडगावात आमच्या घरी टीव्ही आला आणि समोरच्या आक्का रोज संध्याकाळी उंबऱ्याशी येऊन बसू लागल्या. टीव्ही आमचा, निकाल त्यांचा. गल्लीतल्या यंत्रमागांच्या खडखडाटावर आवाज चढवून त्या म्हणायच्या, "रडती बघ! डोळ्याला पदर लावलाय, पदर कोरडाच." एकट्यानं उभं राहून विनोद सांगणारा कुणी आला, की त्याच्याकडे सरळ पाठ करायच्या. "हसवलं तर बघीन."

माझे वडील एकदा चिडले. "आक्का, मग तुम्हीच करून दाखवा!"

"दाखवीन की. आधी त्या डबड्याला गप करा, आप्पा."

एका संध्याकाळी मालिकेतली सून घर सोडायला निघाली आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. सगळे माग थांबले. आक्का उठल्या. डोक्यावर पदर घेऊन सून झाल्या, तोच कमरेला खोचून सासू झाल्या. "जातीस तर जा गं, पर चूल कोण पेटवणार, तुझा बा?" त्या शांततेत आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला. माणसं आमच्या दारात जमली, पोट धरून हसली. मग सुनेनं तान्ह्या पोराच्या पाळण्याला शेवटचा झोका दिला, आणि माझी आई डोळे पुसू लागली.

तेवढ्यात वीज आली. टीव्ही बोलू लागला. वडिलांनी उठून तो बंद केला.

वीज आल्याबरोबर मागाकडे धावणारी आमची गल्ली. त्या संध्याकाळी सून उंबरा ओलांडेपर्यंत एकही माग वाजला नाही.