चाचानं घिऊन दिल्याली गाडी

"कावून इकायलाय?"

कुनी काईबी इकाया काडलं की चाचा पैल्यांदी ह्येच इचारायचा. मान वाकडी करायचा, दाडीतनं बोटं फिरवायचा, आन समोरच्याच्या तोंडाकडं न बगता त्येच्या पायाकडं बगायचा. मी एकदा म्हनलं, पायात काय हाय चाचा, तर म्हनला, "खोटं बोलाया लागला की मानूस पाय हालवतोय, बेटी. तोंड सांबाळतंय, पायाचं ध्यान ऱ्हात न्हाई."

एक बाई दारावर कोंबडी इकाया आलती. चाचानं इचारलं, "अंडी देती का?" म्हनली, "लई देती." म्हनला, "मंग कावून इकायलीस?" बाई शिव्या देत गेली, कोंबडीबी घिऊन गेली, आन चाचीनं दिवसभर चुलीम्होरं भांडी आपटली. तुमच्या बी गल्लीत आसंल आसा एकांदा.

त्येचं आन आमचं घर भिंतीला भिंत. जल्मभर गाडी हाकलेली, पार हैद्राबादेपतुर माल न्हेलेला मानूस. आता कंबर वाकलेली, बैल न्हाईत, गाडी न्हाई, नुसता संशय ऱ्हायलेला.

आमच्यावर वकत आला त्यो घाटात. आमचे मालक मांजरसुंब्याचा घाट उतरायलते, गाडीत सरकी व्हती, आन वळनावर आखच मोडला. चाक एकीकडं, पोती ह्येंच्या अंगावर. बैल वाचले, ह्ये वाचले, पाय मोडला. गाडी चुलीत घालायच्या लायकीची ऱ्हायली. लेक माजी तवा अंगावर पेत व्हती. ह्ये खाटंवर पडल्या पडल्या म्हनायचे, पाय बसला की जातो, अडत्याचं काम दुसऱ्यानं घेतलं तर खायाचं काय. आन मी तिकडं तोंड करून भाकरी थापायची, पन माज्या डोळ्याम्होरं त्यो आख, त्यो मोडलेला आख, परत परत. काम तर पायजे, पन परत आसलीच एकांदी गाडी गळ्यात पडली तर ह्ये घरी येतेल का न्हाई.

नव्या गाडीचं नाव काडायची सोय नव्हती. सडकंच्या गुत्तेदारानं खडी व्हायाला समद्या गाड्या धरून ठिवल्या, तवा जुन्या गाडीला बी नव्याचा भाव आलता. किडलेल्या लाकडाला त्याल चोळून, चाकाला तांबडी काव फासून इकायले लोक. मी माज्या पाटल्या मोडल्या.

मालक म्हनले, चाचाला संग घिऊन जा. सासूबाई मला भाईर वडून म्हनल्या, "तू जा, लेकरू घे, बैल घे. पैसा म्हाताऱ्याच्या हाती देऊ नको. जुना गाडीवान हाय, बाजारात समदे त्येच्या वळकीचे. वळकीची मानसं आपसात खातेत." माज्या मनात त्येच व्हतं, त्येंनी बोलून दावलं. मंग काय, पैसे पोलक्यात बांदले आन बीडपतुर चाचाच्या मागनं चालताना मी बी त्येच्या पायाकडंच बगत गेले.

बाजारात चाचानं लई गाड्या बगितल्या. वाकून बगायचा, चाकाला खांदा लावून हालवायचा, दगडानं चाकाच्या मदल्या तुंब्यावर ठोकायचा, नख घालायचा. एका गाडीच्या आखावरचं त्याल त्येनं बोटानं पुसलं तर खालनं मेनानं बुजवलेली चीर निगाली. गाडीवाला म्हनला, "म्हाताऱ्या, गाडी घ्याची का लगीन लावायचं हाय तिच्यासंग?" चाचा म्हनला, "लगनात बी मी येवडंच बगितलं आसतं. घाई झाली, मंग भोगलं." समदे हासले. मला हासू आलं न्हाई. मला वाटलं, ही चांगली जोडी हाय, भांडल्यावानी करतेत आन मला बनवतेत.

मंग कडंला एक गाडी दिसली. गाडीवाला दिंद्रूडचा, गप बसलेला, कुनाला हाक मारंना. गाडीला काव न्हाई, त्याल न्हाई, जशी व्हती तशी उबी. चाचा तिच्याखाली लई येळ पडून ऱ्हायला. उटला, धोतर झाडलं.

"चांगली हाय," म्हनला. "कावून इकायलाय?"

"नडलो हाय."

"दिंद्रूडला बाजार भरत न्हाई?"

"भरतो की."

"माजलगावला?"

"भरतो."

"मंग येवड्या लांब कावून आनली?"

दिंद्रूडवाला नुसता गाडीवरनं हात फिरवाया लागला. त्येचे पाय मी बगितले, चाचानं बी बगितले, पाय जागेवर व्हते. चाचानं परत इचारलं. मला वाटलं आता ह्यो दगड उचलतोय. पन त्यो खाली बगत म्हनला, "पोरगी व्हती माजी. ताप आलता, हितं दवाखान्याला आनायलो व्हतो गाडीत. वाटंतच गेली. आता आमच्याकडचा कुनी हात लावंना गाडीला. म्हनतेत, गाडीनं खाल्ली. मला बी दारात बगवंना."

मी लेक छातीला धरली. चाचाला म्हनलं, चला, मला नको ही गाडी. चाचा माज्याकडं वळला, हळू बोलला. "लाकडातलं मी बगितलं, बेटी. लाकूड खरं हाय. मानूस बी खरं बोलला, आज बाजारात ह्यो एकलाच. आता फुडचं तू बग. पन मेल्यालं मानूस बसलं म्हनून गाडी टाकायची म्हनलं तर आपल्या मुलकात चाक फिरायचं न्हाई."

मी दिंद्रूडवाल्याला, पदर वडून, इचारलं, कुटं बसायची पोरगी. त्येनं म्होरची जागा दावली. "हितं. बैलाच्या शेपट्या धराया भेटायच्या म्हनून. मागं बसायचीच न्हाई." त्येच्या आवाजात काय व्हतं कुनास ठाव, मला तिथनं हालवंना.

आता भाव. तुमाला ठाव हाय, बाजारात भाव तोंडानं न्हाई, रुमालाखाली व्हतो. वरनं रुमाल टाकायचा, खाली बोटं धरायची, बगनाराला काई कळू द्याचं न्हाई. मी बाईमानूस, परक्या गड्याच्या हाताला हात कसा लावू. पैसा माजा, आन रुमालाखाली ती दोगं. मी चाचाला म्हनलं, मला कळल्याबिगर मी गाठ सोडायची न्हाई.

चाचानं माज्याकडं बगितलं. राग आला का काय, मला कळंना. मंग म्हनला, "लेकरू दे हिकडं."

डाव्या हातावर लेक घेतली, उजवा हात रुमालाखाली घातला. आन बगा, खाली दिंद्रूडवाला जेवडी बोटं दाबायचा, तेवडी बोटं चाचा वरनं लेकीच्या पावलाची धरायचा. बगनाराला वाटावं, म्हातारा नातीला खेळवायलाय. लेक खुदखुद हासायली. मी लेकीच्या पायावर भाव वाचायले. जास्त वाटला की मान हालवायची. चाचा खाली काईतरी करायचा, वरनं परत बोटं धरायचा, एक कमी. शेवटाला मी पदर म्होरं घेतला, म्हनजे हौ.

आन तवा बी मनात आलंच. वर पाय धरला त्यो खरा, पन खाली काय दाबलं ते कुनी बगितलं?

बैल जुपताना दिंद्रूडवाल्यानं चाचाच्या मुठीत काईतरी सरकावलं. मी बगितलं. घाट लागूस्तवर दम धरला, मंग म्हनलंच, "चाचा, त्येच्याकडनं काय घेतलं?"

"दलाली."

"माज्यासंग येऊन?"

"हौ. चाचीला लुगडं पायजे. कावून न घिऊ?" म्हनला, आन बैलाला हाकललं. आता ह्येच्यावर काय बोलावं.

घाट चढून वर आलो, घर जवळ आलं, तर चाचानं गाडी थांबवली. सडकंच्या कडंला दगडं पडलेली, ती उचलून उचलून गाडीत घालाया लागला. वाकलेल्या कमरंनं. मी म्हनलं, ह्ये काय. म्हनला, "चढताना गाडी गुमान ऱ्हाती. उतरताना बोलती. तू हितंच थांब, लेकराला घिऊन."

गाडी वळवली आन एकलाच खाली गेला. वळनाआड दिसंना झाला. मी नुसता चाकाचा आवाज आयकायले. खडखड, खडखड, खाली खाली. आन आवाज बंद झाला.

तुमाला काय सांगू. ह्येंचा आख मोडला त्येच वळन. मी लेक घिऊन पळाले, चप्पल एकीकडं गेली, लेक रडायली, मला दम घेवंना, मनात एकच, मोडली, म्हातारा गेला, पोरीच्या बापानं फसवलं, गाडीनं खाल्ला.

वळनावर गाडी उबी व्हती. ऐन उतारावर, भरलेली, चाकाखाली दगडं लावलेली. बैल रवंथ करायलते. चाचानं त्यो भावाचा रुमाल सडकंच्या कडंला आथरलेला, आन निमाज पडायलता.

मी उबी ऱ्हायले. त्येचं झालं, रुमाल झाडला, आखाखाली जाऊन हात फिरवला. म्हनला, "उतारावर उबी करून ठिवली की समदा भार आखावर येतोय. बग, हूं का चूं केलं न्हाई." मंग गाडीतली दगडं काडून कडंला रचली, आन लेकीसाटी हात म्होरं केले. मी लेक दिली न्हाई. मीच चढले, म्होरं बसले, आन लेकीला त्या जागंवर मांडीत घेतली. चाचा बैलाच्या म्होरं चालाया लागला.

मालक आज बी त्याच गाडीनं घाट उतरतेत. मी अजून बी ह्ये येस्तवर दारात येरझाऱ्या घालते, त्ये काई सुटलं न्हाई.

चाचा त्याच सालच्या हिवाळ्यात गेला. खोकला झाला, चार दिसात उरकलं. चाची लेकीकडं औरंगाबादेला गेली, भिंतीपलीकडं आता कुनी न्हाई.

घाटातली दगडं तशीच हायेत. आता समदे गाडीवान त्या वळनावर बैलाला दम खाऊ देतेत, त्यातलाच दगड चाकाखाली लावतेत, आन निगताना परत रचून ठिवतेत. कुनी रचली ते त्येंना ठाव न्हाई.