भुवईतली खोक

डॉक्टरांनी कॅट स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि कवटीच्या बाजूचा एक काळपट भाग बोटाने दाखवला. "हा टेम्पोरल लोब. कानशिलाच्या आतला मेंदूचा भाग. आठवणी साठवणं, माणसं ओळखणं, बरीचशी कामं इथून चालतात. व्हायरस नेमका इथेच घुसलाय. हर्पिस एन्सेफलायटिस, म्हणजे मेंदूला सूज."

मला त्यातलं 'घुसलाय' तेवढं कळलं. मी भिंत धरली.

आमचे हे अंधेरीच्या एका स्टुडिओत मेकअपमन. ऐंशीच्या दशकातली ती अंधेरी! स्टुडिओमागे दलदल, संध्याकाळी बेडकांची ओरड, आणि हे घरी यायचे ते पॅनकेकचा, म्हणजे चेहऱ्याला लावायच्या रंगाचा, वास घेऊन. चेहरा हीच यांची भाकरी. बसस्टॉपवर उभ्या बाईकडे बघून म्हणायचे, "शालू, हिला टिकली खाली लावायला सांग गं, कपाळ मोठं दिसतंय." मी म्हणायची, "तुम्हीच सांगा आणि चप्पल खा!"

माझ्या डाव्या भुवईत एक खोक आहे. लहानपणी गावी विहिरीच्या पायरीवर पडले होते. लग्नाच्या दिवशी मुंडावळ्या बांधलेला हा नवरदेव पेन्सिल घेऊन थेट नवरीच्या खोलीत शिरला आणि माझी भुवई भरून गेला. आत्या किंचाळली, "अरे, अंतरपाट तरी धरू दे मेल्या!" अजून आठवलं की हसू येतं.

यांच्या आजाराची सुरुवात तापाने झाली. डोकं ठणकत होतं, आणि एकच घोषा, "काहीतरी जळतंय." मी स्टोव्ह बघितला, शेजारणीचा बघितला, कुठे काही नाही. नसलेला वास येणं हे मेंदूच्या त्या भागाच्या आजाराचं लक्षण असू शकतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तुमच्या घरी तापात कुणी असं म्हणालं तर स्टोव्ह बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. आम्ही गाठलं ते यांना फिट आल्यावर.

तेव्हा नवीनच आलेलं औषध सलाईनमधून सुरू झालं. मी बाहेरच्या बाकावर. वर्सोव्याची आमची शेजारीण अ‍ॅग्नेस भात-कालवण घेऊन यायची आणि दम द्यायची, "जेव गं! तू पडलीस तर त्याला कोण बघेल?" तिचे उपकार मी या जन्मात विसरणार नाही.

ताप उतरला. डोळे उघडले. मी धावत खाटेजवळ गेले, यांच्या कपाळावर हात ठेवला. यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि अदबीने म्हणाले, "सिस्टर, माझी बायको बाहेर बसली असेल. तिला बोलवता का?"

मी रडत बोलायला लागले तेव्हा यांनी आवाजावरून ओळखलं. डॉक्टर म्हणाले, "याला प्रोसोपॅग्नोशिया म्हणतात. डोळे शाबूत आहेत, पण चेहरा बघून माणूस ओळखणारी जागा बिघडली आहे. तुम्ही कोण हे त्यांना माहीत आहे, फक्त चेहऱ्यावरून ते पटत नाही. हातातलं कसब मेंदूत दुसरीकडे असतं, ते वाचलंय. चेहऱ्यांचं मात्र सांगता येत नाही. समोर गेलात की आधी बोला."

माझं मन ऐकेना. माझा चेहरा, यांनी स्वतःच्या हाताने सजवलेला, तो कसा पुसला जाईल? घरी आणायच्या दिवशी मी दिराला पाठवलं आणि स्वतः आरशासमोर बसले. लग्नातला शालू, नथ, गजरा, पावडर, भुवई भरलेली. ठरवलं, एक अक्षर बोलायचं नाही. यांनी बघून ओळखायचं.

हे आत आले. आरशासमोर नटलेली बाई बघितली आणि चेहरा एकदम कामावरचा झाला. "मॅडम, मेकअप कोणी केलाय? पार वाट लावलीये. बसा, मी बघतो." दीर बोलणार होता, मी हाताने थांबवलं.

माझा जीव तुटत होता. ओला फडका घेऊन यांनी सगळं पुसून काढलं. मग यांची नेहमीची पद्धत: रंग लावण्याआधी कोरड्या अंगठ्याने पूर्ण चेहरा चाचपायचा. कपाळ झालं. उजवी भुवई झाली. डाव्या भुवईत अंगठा अडकला. मागे गेला, पुन्हा तिथेच आला.

"शालू?" अंगठा तिथून हलेना. "अगं, तू होय? मग बोलत का नाहीस? मी किती घाबरलोय तुला माहितीये?"

मी गळ्यातच पडले. दिरासमोर. लाज गेली चुलीत!

चेहरे काही परत आले नाहीत. हळूहळू कामावर जायला लागले. कलाकार आधी नाव सांगायचे, मग अंगठा फिरायचा. घरात आम्ही 'ओळखलंत का?' विचारणं सोडलं. असा माणूस तुमच्या घरी असेल तर तुम्हीही सोडा, त्याला फार लागतं ते. त्या दिवसापासून मी भुवई कधी भरली नाही. रोज सकाळी चहा देताना यांचा अंगठा तिथे टेकायचा, मगच पहिला घोट.

आता हे नाहीत. परवा नातीच्या लग्नात पार्लरवाली मुलगी म्हणाली, "आजी, ही भुवई भरून देऊ? छान दिसेल."

म्हटलं, "नको गं बाई. वर गेल्यावर मला ओळखायचंय त्यांनी."