सात सिगारींची कबुली

त्या केसचा विषय आजही निघाला की आधी मला माझीच लाज वाटते, बाकीचं सगळं मागाहून आठवतं.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी तेव्हा साताऱ्यात फौजदार होतो. ठाण्याच्या हद्दीत निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांचे काही बंगले होते. त्यातल्या एका कर्नलसाहेबांचा मुलगा एके दिवशी सकाळीच फिर्याद घेऊन आला. तो मुंबईत एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. वरिष्ठांना भेट द्यायला त्याने परदेशी सिगारींची पेटी मोठ्या खटपटीने मिळवली होती आणि ती महिनाभर वडिलांच्या बंगल्यातल्या कपाटात ठेवली होती. पंचविसांपैकी सात गायब होत्या. वडिलांचं धूम्रपान हृदयविकारामुळे डॉक्टरांनी केव्हाच बंद केलं होतं. म्हणजे घरात राहिला एकच माणूस, त्यांचा जुना अर्दली.

हा अर्दली माण तालुक्यातला, साठीचा. पलटणीत साहेबांच्या हाताखाली होता आणि पेन्शन घेतल्यावर त्यांच्याकडेच येऊन राहिला होता. त्याचा मुलगाही फौजेत होता.

सात सिगारींची चोरी म्हणजे खरं तर किरकोळ प्रकरण. पण फिर्यादीच्या ओळखी वरपर्यंत होत्या आणि दुपारच्या आत मला दोन फोन आले. आमचा हवालदार बंगल्यासमोरच्या पानटपरीवर चौकशी करून आला. टपरीवाल्याने सांगितलं की म्हातारा दर चार दिवसांनी बंगल्याच्या विहिरीजवळच्या पंपघरामागे काहीतरी पुरतो. दोन पंच घेऊन आम्ही जागा उकरली. पत्र्याचा एक डबा निघाला, त्यात सिगारींची सात थोटकं. पंचनामा केला, मुद्देमाल जप्त केला आणि अर्दलीला अटक करून ठाण्यात आणलं.

तो काहीच बोलेना. नाव, गाव, पलटण सांगितली आणि गप्प बसला. हवालदाराने आपल्या पद्धतीने विचारायला सुरुवात केली. मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. तेव्हा बरेच अधिकारी असंच करत. आतला आवाज ऐकू येत होता आणि मी समोरच्या लिंबाकडे बघत होतो.

थोड्या वेळाने आत जाऊन मी त्याला म्हणालो, "तू सांगत नसशील तर साहेबांना विचारावं लागेल."

तो ताडकन उभा राहिला. "साहेबास्नी काय इचारू नगा. शिगारी मीच घेतल्या. मीच वढल्या."

हवालदार खूश झाला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण थोटकं हातात होती. दुसऱ्या दिवशी आरोपीला न्यायाधीशांपुढे उभं करायचं होतं. कागद पुरे करताना मी सहज विचारलं, "चव कशी होती रे?"

तो म्हणाला, "ग्वाड व्हती."

मी ते लिहिलं नाही, पण डोक्यातून जाईना. तंबाखू ओढलेला कुठलाही माणूस तिला गोड म्हणत नाही. मी डबा पुन्हा उघडला. सातही थोटकं बोटाएवढी लांब आणि सारख्याच लांबीवर विझवलेली होती. आमच्या गावी, आष्ट्याला, माझे वडील रानात बिडी ओढायचे ती बोटाला चटका बसेपर्यंत. ज्याला उभ्या जन्मात एकदाच उंची वस्तू मिळाली, तो तिचा एवढा तुकडा टाकून देईल?

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या वेळेआधी मी एकटाच बंगल्यावर गेलो. मुलगा बाहेर गेला होता. कर्नलसाहेब व्हरांड्यात बसले होते, टेबलावर ती पेटी होती. चौकशीसाठी सिगार कशी ओढतात ते समजून घ्यायचं आहे, असं मी सांगितलं. ते खोटं नव्हतं.

त्यांनी एक सिगार उचलली, कानाजवळ धरून बोटांनी हलकेच दाबली आणि टोक कापलं. काडी पेटवून तिचा गंधक जळून जाऊ दिला. मग सिगार ज्योतीपासून जरा वर धरून सावकाश फिरवत राहिले. पेटल्यावर माझ्या हातात दिली.

"धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडात धरा आणि सोडा. घाई करू नका."

पहिल्या झुरक्याला जीभ मिरी चावल्यासारखी चुरचुरली. मग हळूहळू शेंगा भाजल्यावर हाताला येतो तसा वास तोंडभर पसरला. मी तसं सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"बरोबर ओळखलंत. पुढे कोकोची चव लागते. या पेटीत ती जरा उशिरा येते. शेवटचा भाग कडू होतो, तो ओढायचा नसतो."

हे बोलताना त्यांनी कुठे थांबायचं ते बोट ठेवून दाखवलं. मी खिशातून कागदाची पुडी काढून थोटकं त्यांच्यासमोर मांडली. लांबी तीच होती. आणि या पेटीतली चव उशिरा येते, हे ती ओढल्याशिवाय कळणार कसं?

त्यांनी एक थोटूक उचलून पाहिलं आणि परत ठेवलं.

"त्याने काय सांगितलं?"

"मीच ओढल्या म्हणाला."

"मारलंत त्याला?"

"हो," मी म्हणालो.

मग त्यांनी सगळं सांगितलं. चार दिवसांतून एकदा, दुपारी, पंपघरात. अर्दली दाराशी बसायचा आणि नंतर थोटूक पुरायचा. काल त्याला नेलं तेव्हा त्यांना वाटलं होतं की तो काही बोलणार नाही आणि नुसत्या थोटकांवरून काही सिद्ध होणार नाही म्हणून संध्याकाळपर्यंत सुटेल. मुलापुढे कबूल करायची त्यांना लाज वाटली. "पलटण सांभाळली मी," ते म्हणाले, "आणि एवढं एक वाक्य बोलता आलं नाही."

ते माझ्याबरोबर ठाण्यात आले आणि जबाब स्वतःच्या हाताने लिहून दिला. मुलाला बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोर तो वाचून दाखवला. मुलगा खाली मान घालून ऐकत होता. फिर्याद गैरसमजातून झाल्याचा अहवाल मी कोर्टात पाठवला आणि अर्दलीची त्याच दिवशी सुटका झाली.

कोठडीतून बाहेर येताच तो साहेबांना म्हणाला, "तुमी कशाला आलासा? माझं निभलं असतं." कर्नलसाहेबांनी त्याचं गाठोडं उचललं. त्याने ते परत घ्यायचा प्रयत्न केला, पण त्यांनी दिलं नाही.

मी अर्दलीला बाजूला घेतलं आणि मामा म्हणून त्याची माफी मागितली. तो रागावलेला नव्हता. पण तो जे म्हणाला ते मी पुढच्या सगळ्या नोकरीत विसरलो नाही.

"गप व्हतो तवर मार बसला, साहेब. खोटं बोललो तवा थांबला."

त्यानंतर कित्येक आरोपींनी माझ्यासमोर गुन्हे कबूल केले. काही कबुल्या खऱ्याही होत्या. पण कबुली आली की बाकीचे पेन खाली ठेवायचे, तेव्हा मी पुढचा प्रश्न विचारायचो. आणि चौकशी चालू असताना पुन्हा कधी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो नाही.