मागण्याआधीचं पाणी

आंघोळीचं पाणी कुणासाठीही असो, मार्थाबाई आधी त्यात कोपर बुडवून पाहायच्या. कुरुंद्याला नर्सबाई म्हणून त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. नव्या लेकरांना न्हाऊ घालताना लागलेली ती सवय निवृत्तीनंतर हिंगोलीच्या घरातही सुटली नाही. रोज सकाळी स्वतःच्या बादलीतसुद्धा कोपर जायचं.

शेजारची चाँदबी हसायची. "बाई, अब तुमको क्या होता? चमडी पक गई तुमची."

"तुझ्या जिभेएवढी न्हाई पिकली," मार्थाबाई म्हणायच्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा मुलगा शांतवन पुण्याहून बायको सपना आणि सात महिन्यांची सृष्टी यांना घेऊन पंधरा दिवस राहायला आला. मार्थाबाईंनी नातीच्या बाप्तिस्म्यासाठी पांढरा झगा शिवून ठेवला होता. शांतवननं तो उलगडून पाहिला आणि घडी घालून परत ठेवला. पुण्यात तो एका प्रार्थना-मंडळीत जाऊ लागला होता. तिथे बाप्तिस्मा मोठ्या माणसांनाच मिळतो; ज्याला विश्वास कळतो आणि जो तो तोंडानं कबूल करतो, त्यालाच.

"तिला कळायला लागलं की ती स्वतः मागेल, आई. मला तरी कुठं विचारलं होतंस?"

"दूध पाजताना पण विचारलं न्हवतं, शांत्या. नाव ठेवताना पण न्हाई."

"ते वेगळं."

"काहून वेगळं? तिला अजून पाणी मागता येत न्हाई. म्हणून तहानेली ठेवतो का आपण?"

सपना मध्ये पडली नाही. "ह्यांनी हो म्हटलं तर मला आनंदच आहे," एवढंच ती म्हणाली.

मार्थाबाई फादरांकडे गेल्या. फादर म्हणाले, बाळाच्या वतीनं विश्वास कबूल करतात ते आईबाप आणि मंडळी. बापच नको म्हणत असेल तर थांबू या. मार्थाबाई थांबल्या. नातीला डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडल्याविना परत पाठवायचं, हे मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना.

आठव्या दिवशी शांतवन आणि सपना सेनगावला एका लग्नाला गेले. दुपारी सृष्टीला ताप चढला. मार्थाबाईंनी कोमट पाण्याचं भांडं घेतलं, कोपर बुडवलं, अंग पुसायला लागल्या, आणि लेकराचे डोळे फिरले. हातपाय झटके देऊ लागले. तिला कुशीवर वळवून त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिल्या. एक मिनिट. त्याहून थोडं जास्त. मग अंग सैल पडलं, श्वास नीट चालू लागला. चाँदबी ऑटो आणायला धावली. घरात मार्थाबाई, लेकरू आणि ते पाणी.

मरणाच्या दारी असलेल्या बाळाला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. तेव्हा फादर लागत नाहीत, आईबापांची परवानगीही नाही. डोक्यावर पाणी ओतायचं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावानं चार शब्द म्हणायचे. मार्थाबाईंना ते शब्द पाठ होते.

डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही. संध्याकाळी ताप उतरला. शांतवन परतल्यावर चाँदबीनं त्याला सगळी हकिगत सांगितली. बाई पाण्याचं भांडं धरून कशा बसल्या होत्या, तेही. तो आईसमोर येऊन उभा राहिला.

"उरकून घेतलंस ना?"

"न्हाई."

"खरं सांग."

"भांडं हातात होतं. मनातही आलं. पण ती मरत न्हवती, शांत्या. तापाची फीट होती, मला बराबर कळत होतं. मरून राहिली म्हणाले असते, तर देवापुढं खोटं बोलले असते."

तो खाली बसला. मग मार्थाबाईंनी त्याला आजवर न सांगितलेलं सांगितलं.

"तुझ्या आधी एक पोरगा झाला होता, तो एक तास जगला. मीच पाणी घातलं त्याच्या डोक्यावर, स्टीलच्या गिलासानं. त्यानं डोळेसुद्धा उघडले न्हाईत. त्यानं काय मागितलं होतं? काय कबूल केलं होतं? त्याच्या हातून काही व्हायच्या आधीच देवानं त्याला आपलं म्हटलं. बाप्तिस्म्यातलं मला एवढंच कळतं."

"मग सृष्टीला नाही दिला, तर ती देवाची नाही?"

"हाय की. लेकरू आपलंच असतं, तरी आपण त्याला उचलून घेतो का न्हाई?"

सकाळी चहा पिताना शांतवन म्हणाला, "मला सगळं पटलेलं नाही."

"बरं."

"मोठी झाल्यावर ती काय म्हणेल ते तिचं."

"तिचंच. मोठेपणी दृढीकरणाला, आपल्या तोंडानं विश्वास कबूल करायला, तिलाच उभं राहायचं हाय, मी थोडीच जाणार?"

त्यानं कप खाली ठेवला. "या रविवारी फादर मोकळे आहेत का?"

रविवारी झगा सृष्टीला काखेत जरा घट्ट झाला. फादरांनी विचारलं, "या बाळासाठी तुम्ही देवाच्या मंडळीकडे काय मागता?" शांतवन "बाप्तिस्मा," म्हणाला, सपनापेक्षा मोठ्यानं. तीनदा पाणी पडलं. सृष्टी रडली नाही. तिनं जीभ बाहेर काढून नाकावरून आलेला ओघळ चाटला, आणि पहिल्या बाकावर मार्थाबाईंना हसू आवरेना.

त्याच संध्याकाळी पुण्याची एसटी होती. पुढच्या महिन्यात मार्थाबाई झोपेतच गेल्या, त्यामुळे शांतवनची आणि त्यांची समोरासमोर भेट झाली ती हिंगोलीच्या बसस्थानकावर शेवटची. सृष्टीला मांडीवर घेऊन तो खिडकीपाशी बसला होता. इंजिन सुरू झालं. तो बाहेर झुकला.

"आई, त्या तापाच्या दिवशी मी तुला तसं विचारायला नको होतं..."

"काच लाव आधी," मार्थाबाई म्हणाल्या. "लेकराला वारं लागंल."